चित्र येत नसेल तर…

लोणावळा सुटलं आणि फोन वाजला. "सर्व्हर बसलाय रे, बघ ना जरा." लॅपटॉप घरी. हातात फक्त मोबाईल.

आधी रिमोट डेस्कटॉप उघडलं. तिकडचा अख्खा पडदा या एवढ्याशा काचेत, बटणं मुंगीएवढी. झूम करून बोट टेकवतोय तोच बोगदा आला. चित्र गोठलं. बोट नेमकं कशावर पडलं, देव जाणे.

शेजारच्या काकू मघापासून बघत होत्या. म्हणाल्या, "चित्र येत नसेल तर मेसेज टाका की त्यांना."

त्यांना वाटलं व्हिडिओ कॉल लागत नाहीये! पण बोलल्या ते शंभर टक्के बरोबर.

टर्मक्स उघडलं (फोनवर कमांड टाइप करायचं ॲप), एसएसएचने, म्हणजे दूरच्या मशीनला चित्राशिवाय नुसत्या अक्षरांत हुकूम द्यायच्या वाटेने, सर्व्हरच्या आत शिरलो आणि आधी टीमक्स लावलं, म्हणजे लाईन तुटली तरी तिकडचं काम थांबत नाही. डीएफ (डिस्क किती भरलीय ते सांगणारी कमांड) मारलं, तर डिस्क काठोकाठ. जुने लॉग, म्हणजे नोंदींच्या फाइली, उडवले, सर्व्हिस परत उठवली. कर्जत येईपर्यंत दोनदा तुटलं, दोनदा जोडलं. काम होतं तिथेच. (टर्मक्समध्ये चालू कमांड थांबवणाऱ्या कंट्रोल-सीसाठी आवाज कमी करायचं बटण दाबून सी. याची सवय व्हायला मला महिना लागला.)

१९९५ सालचं एसएसएच. चार अक्षरं जातात, चार ओळी येतात. घाटातल्या नेटवर्कला तेवढंच झेपतं. अर्थात आरएम, म्हणजे फाइल उडवायची कमांड, लिहिताना अंगठा घसरला असता तर ही पोस्ट वेगळी झाली असती.

तुम्ही फोनवरून आरएम मारता का? खरं सांगा.