लाल धूळ, खारा वारा आणि गाडीचा रंग

सकाळी उठून अंगणातल्या गाडीवर कोरडं फडकं मारायची सवय कोकणात गाडीच्या रंगाला सगळ्यात महाग पडते. जांभ्याची लाल धूळ दिसते पिठासारखी, पण बोटांत चुरगाळून बघा, बारीक कच लागते. तीच कच फडक्याखालून फिरते. रंगावरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा, केसापेक्षाही पातळ. उन्हात गाडीवर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल चरे दिसतात ते बहुतेक असेच पडलेले असतात.

म्हणून हात लावायच्या आधी धूळ पाण्याने उतरवायची. गाडी सावलीत आणि बॉनेट थंड हवं. टपापासून खाली भरपूर पाणी सोडा. प्रेशर वॉशर असेल तर नोझल निदान फूटभर लांब.

पुढे दोन बादल्या लागतात. एकीत १० लिटर पाणी आणि कार शाम्पू (किती ते बाटलीवर लिहिलेलं असतं), दुसरीत नुसतं पाणी. मायक्रोफायबरचा हातमोजा शाम्पूत बुडवा, एक भाग धुवा, मोजा साध्या पाण्यात खळबळून मगच पुन्हा शाम्पूत घाला. हात सरळ रेषेत, न दाबता. दारांचा खालचा भाग शेवटी, चाकांना वेगळी बादली आणि वेगळं फडकं. कपड्यांची पावडर किंवा भांड्यांचा साबण नको, आधीचं वॅक्स त्याने उतरतं.

किनाऱ्यालगत खरी अडचण पाण्याची. एप्रिल-मेमध्ये बऱ्याच विहिरी मचूळ होतात. पाण्याचे चार थेंब स्टीलच्या ताटलीत सुकू द्या. पांढरी कडी राहिली तर ते पाणी गाडीवर सुकू द्यायचं नाही. शेवटच्या धुण्यापुरतं दोन बादल्या गोडं पाणी राखून ठेवा आणि लगेच जाड मायक्रोफायबरने टिपून घ्या.

आंब्याखाली गाडी लावत असाल तर चीक आणि पक्ष्यांची विष्ठा त्याच दिवशी काढा. नखाने खरवडू नका. कोमट पाण्याचं ओलं फडकं पाच-दहा मिनिटं ठेवलं की मऊ पडतं.

आता वॅक्स. धुतलेल्या, पूर्ण कोरड्या रंगावर हात फिरवून खरखर लागली तर आधी क्ले बार (रंगाला चिकटलेले कण ओढून काढणारी मऊ मातीसारखी वडी) फिरवा, तोही ओलसर ठेवून. वॅक्स अगदी पातळ लावायचं. जाड थराने चमक वाढत नाही, पुसताना मात्र दम निघतो. एकेक पत्रा घ्या, डब्यावर दिलेला वेळ थांबा, मग बोट फिरवून बघा: रेघ स्वच्छ उमटली तर पुसायला घ्या. दमट हवेत जरा जास्त थांबावं लागतं. काळ्या प्लास्टिकवर लागू देऊ नका, पांढरे डाग बसतात. कार्नोबा वॅक्स, म्हणजे ताडाच्या जातीच्या झाडाच्या पानांपासून काढलेलं मेण, इथल्या उन्हापावसात फार तर दीड-दोन महिने धरतं, सिंथेटिक सीलंट (वॅक्ससारखाच लावायचा कृत्रिम थर) त्याहून जास्त. मेअखेरीस एक हात आणि दसऱ्यानंतर दुसरा, एवढं तरी कराच.

वॅक्सने वरचा रंग राखला जातो, खालच्या पत्र्याला त्याचा काही उपयोग नाही. वाळूत किंवा भरतीच्या पाण्यात गाडी गेली असेल तर त्याच दिवशी चाकांच्या कमानी आणि तळ गोड्या पाण्याने धुवा. दाराच्या खालच्या कडेला पाणी निघायची छोटी भोकं असतात, ती लाल चिखलाने बुजतात आणि दार आतून गंजतं. माडाचा हीर घालून ती मोकळी करा. खारवलेलं, तांबूस पाणी ठिबकताना दिसेल. ते स्वच्छ येईपर्यंत पाणी सोडत राहा.