हॉटेलच्या काउंटरवरून हेल्पडेस्कवर: आधी मशीन, मग कोर्स

गोव्यात डिचोली-सत्तरीकडच्या खाणी २०१२ मध्ये थांबल्या, २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर हॉटेलांचं काम मंदावतं. वजनकाट्यावर, रिसेप्शनवर किंवा दुकानाच्या गल्ल्यावर वर्षं काढलेल्या माणसाला तिशी-पस्तिशीत कॉम्प्युटर सपोर्टमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर अडलेल्यांना मदत करणाऱ्या हेल्पडेस्कवर, जाता येतं का? येतं. फक्त बरेच जण उलट्या टोकाने सुरुवात करतात. आधी महागडा कोर्स, मग सर्टिफिकेट, आणि मशीनला हात सगळ्यात शेवटी. माझं ठाम मत आहे की मशीन आधी हवं.

ऑफिसातून निघालेला जुना डेस्कटॉप घ्या. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे त्याआधीची मशीनं ऑफिसं काढून टाकतात. बँकेच्या कामाला ती वापरू नका, सरावाला उत्तम आहेत. रॅम १६ जीबी करून घ्या, हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी (जास्त वेगवान डिस्क) बसवा आणि विंडोज स्वतः टाका. रॅम काढून मशीन सुरू करा, बीप ऐका, पुन्हा बसवा. मात्र पॉवर सप्लायचा डबा उघडायचा नाही. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा विद्युतभार राहू शकतो.

यानंतरचा टप्पा बहुतेक जण गाळतात, आणि नोकरीत रोज लागतो तो नेमका हाच. मायक्रोसॉफ्ट विंडोज सर्व्हरची (ऑफिसातली बाकीची मशीनं सांभाळणाऱ्या विंडोजची) १८० दिवसांची चाचणी आवृत्ती फुकट देतं, विंडोज ११ एंटरप्राइजची ९० दिवसांची. दोन्ही व्हर्च्युअलबॉक्समध्ये टाका; या प्रोग्राममुळे एकाच मशीनमध्ये अनेक आभासी मशीनं चालवता येतात. सर्व्हरवर अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी (ऑफिसातल्या सगळ्या यूजरची आणि मशीनांची एकत्र नोंद) उभी करा, दहा-बारा यूजर बनवा, दुसरं मशीन डोमेनला, म्हणजे त्या नोंदीतल्या मशीनांच्या गटाला, जोडा. विंडोजची होम आवृत्ती डोमेनला जोडता येत नाही, म्हणून एंटरप्राइज. पहिल्या प्रयत्नात ‘डोमेन सापडत नाही’ असा संदेश हमखास येतो. कारण बहुधा एकच असतं: मशीनच्या डीएनएसमध्ये (नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या सेवेच्या सेटिंगमध्ये) राउटरचा पत्ता असतो, तिथे सर्व्हरचा हवा. दोन मशीनांच्या घड्याळांत पाच मिनिटांहून जास्त फरक पडला तर पासवर्ड बरोबर असूनही लॉगिन अडतं. यूजर लॉक करा, सोडवा, पासवर्ड बदला, ग्रुपमध्ये घाला, फोल्डरची परवानगी द्या आणि काढा. हेल्पडेस्कवर पहिल्या वर्षी याचंच काम जास्त पडतं.

इंटरनेट बंद असल्याची तक्रार आली की एकच क्रम धरा आणि तो मोडू नका. केबल लागली आहे का, पोर्टचा दिवा पेटतो का? मग आयपीकॉन्फिग, म्हणजे मशीनचा नेटवर्कवरचा (आयपी) पत्ता दाखवणारी कमांड. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर मशीनला डीएचसीपीकडून (पत्ते वाटणाऱ्या सेवेकडून, जी बहुधा राउटरवरच असते) पत्ताच मिळालेला नाही, ब्राउझर तपासण्यात वेळ घालवू नका. पत्ता ठीक असेल तर गेटवेला (बाहेर नेणाऱ्या राउटरला) पिंग करा, म्हणजे तो उत्तर देतो का ते तपासा, मग ८.८.८.८ या गुगलच्या पत्त्याला. ८.८.८.८ उत्तर देतं पण साइटचं नाव उघडत नाही, म्हणजे दोष डीएनएसमध्ये. काही नेटवर्कांवर पिंग मुद्दाम बंद ठेवलेलं असतं, तेव्हा एका ‘उत्तर नाही’वरून निष्कर्ष काढू नका.

गोव्यात हॉटेलांचं काम मिळण्याची शक्यता बरीच, म्हणून प्रिंटरकडे जास्त लक्ष द्या. लाईट जाऊन आल्यावर किचनमध्ये केओटी (ऑर्डरची चिठ्ठी) निघत नाही, ही ठरलेली तक्रार. राउटर पुन्हा सुरू होताना थर्मल प्रिंटरला (शाईऐवजी उष्णतेने छापणाऱ्या प्रिंटरला) नवा आयपी पत्ता देतो आणि बिलिंगचं मशीन जुन्याच पत्त्यावर ऑर्डर पाठवत राहतं. त्या मशीनवर प्रिंटरच्या पोर्ट सेटिंगमध्ये पत्ता बदलला की काम सुरू होतं, पण पुढच्या वेळी लाईट गेली की पुन्हा तेच. कायमचा उपाय म्हणजे राउटरमध्ये त्या प्रिंटरसाठी पत्ता राखून ठेवणं. कागद पुढे सरकतो पण कोरा निघतो? रोल उलटा बसलाय. थर्मल कागदाला लेप सहसा एकाच बाजूला असतो. नखाने ओरखडा काढा, काळी रेघ उमटते ती छपाईची बाजू. साध्या प्रिंटरची रांग अडकली तर प्रिंट स्पूलर (छपाईची रांग सांभाळणारी विंडोजची) सर्व्हिस थांबवा, सिस्टम३२ मधल्या स्पूल फोल्डरात प्रिंटर्स नावाचं फोल्डर असतं, त्यातल्या फायली पुसा आणि सर्व्हिस पुन्हा चालू करा. फायलीच पुसायच्या, फोल्डर नाही.

इथली हवा आणि पाऊस कुठल्याही कोर्समध्ये शिकवत नाहीत. पावसाळाभर मेन स्विच बंद ठेवलेलं मशीन ऑक्टोबरात चालू केलं की तारीख भलत्याच वर्षाची दाखवतं आणि साइटी सुरक्षित नसल्याची सूचना देतात. मदरबोर्डवरची सीआर२०३२ बॅटरी संपलेली असते. ती बदला, तारीख लावा, विंडोज नव्याने टाकायची गरज नाही. किनाऱ्याजवळ खारी हवा संपर्कांवर चढते. मशीन चालूच होत नसेल तर प्लग काढून रॅमच्या सोनेरी कडा मऊ खोडरबराने पुसा, भुगा झटका आणि परत बसवा. दोन इमारतींमध्ये तांब्याची नेटवर्क केबल टाकलेली असेल तर वीज कडाडल्यावर लाट तिच्यातूनही येते आणि दोन्हीकडचे स्विच जळतात. कॉटेजेस विखुरलेली असतील तिथे फायबरच योग्य. तांब्याच्या केबलची मर्यादा १०० मीटर आहे, हेही लक्षात असू द्या.

मदरबोर्ड बदलण्याआधी किंवा बायोस (मशीन सुरू करणारा मदरबोर्डवरचा प्रोग्राम) अपडेट करण्याआधी बिटलॉकर, म्हणजे डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय, चालू आहे का ते पाहा. असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की आधी हातात घ्या. ती नसेल तर डिस्कवरचा डेटा गेला असं समजा. साहेबांचा लॅपटॉप असो की स्टोअरचा, हा नियम सोडू नका.

काउंटरवर काम केलेल्यांकडे एक गोष्ट आधीच असते: चिडलेल्या माणसाशी शांतपणे बोलणं. तिला फक्त तीन प्रश्नांची जोड द्या. “कधीपासून होतंय? फक्त तुमच्याकडेच, की शेजारच्या टेबलावरही? त्याआधी काय बदललं होतं?” मधल्या प्रश्नाच्या उत्तरावरूनच दोष मशीनमध्ये आहे की नेटवर्कमध्ये, याचा बराचसा अंदाज येतो. मग तिकिटात (तक्रारीच्या नोंदीत) लिहा: काय दिसलं, काय तपासलं, काय केलं, पुढे काय उरलं. नुसतं ‘प्रिंटर ठीक केला’ लिहिलं तर रात्रपाळीवरच्या सहकाऱ्याला सगळं पहिल्यापासून करावं लागतं, आणि हे त्याच्यावर अन्यायाचं आहे.

आता सर्टिफिकेट. दहावीनंतर आयटीआयचा एक वर्षाचा कोपा (कॉम्प्युटर ऑपरेटर) ट्रेड हा कमी खर्चाचा मार्ग आहे. कॉम्पटिया ए प्लस या कॉम्प्युटर सपोर्टच्या आंतरराष्ट्रीय सर्टिफिकेटला दोन परीक्षा असतात. प्रत्येकीत जास्तीत जास्त ९० प्रश्न आणि ९० मिनिटं, पास व्हायला १०० ते ९०० च्या मोजणीत पहिलीला ६७५ आणि दुसरीला ७०० गुण लागतात. फी दोन्हींची वेगवेगळी भरावी लागते, म्हणून घरच्या मशीनवर वरचं सगळं जमेपर्यंत परीक्षेचं व्हाउचर विकत घेऊ नका. हॉटेलवाल्यांनी ऑफ सीझनचे चार महिने यासाठीच राखून ठेवावेत.

बायोडेटामध्ये ‘कॉम्प्युटरचं उत्तम ज्ञान’ लिहून काही होत नाही. घरी उभा केलेला डोमेन, सोडवलेले दोष, वापरलेलं सॉफ्टवेअर नावानिशी लिहा. रिसेप्शनवर बिलिंग सॉफ्टवेअर चालवलंय, नाइट ऑडिट (रात्री दिवसाचा हिशेब बंद करणं) केलंय, हे तर वरच लिहा. हॉटेलच्या आयटीवाल्याला रात्री दोन वाजता हिशेब का अडला ते समजणारा माणूस हवा असतो. मुलाखतीत तुम्हीही विचारा: पणजी ते वेर्णे असं साइटवर स्वतःच्या दुचाकीने फिरायचं असेल तर पेट्रोलचे पैसे कोण देणार, रविवारी फोन आला तर भरपाई सुट्टी मिळते का, आणि पहिले तीन महिने सोबत जुना इंजिनिअर असेल की नाही. तिसऱ्याचं उत्तर ‘नाही’ आलं तर पगार दोन हजारांनी जास्त असला तरी दुसरी जागा बघा.