भांडी घासण्याच्या वेळी

भाड्याच्या कॅम्परव्हॅनचा ताबा मेलबर्नमध्ये मिळाला, तेव्हा तिथल्या मुलाने आम्हाला ती पाऊण तास समजावून सांगितली, आणि त्यात गाडी चालवण्याविषयीची माहिती फार तर पाच मिनिटांची होती. उरलेला सगळा वेळ संसाराचा होता. दोन बर्नरची शेगडी, तिच्या शेजारी परातही आडवी मावणार नाही एवढीशी मोरी, मोरीखाली सांडपाण्याची टाकी, गुडघ्याएवढा फ्रिज आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर चक्क एक पोटमाळा. माझ्या थोरल्या नणंदबाई बावीस वर्षे मेलबर्नमध्ये राहतात. त्यांनी एकदा त्या पोटमाळ्याकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिले, आणि म्हणाल्या, "मी आपली वर झोपते. तुम्ही दोघे खाली." विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असते, हे मी लहानपणापासून ऐकत आले होते, पण पाठीवर बिऱ्हाड घेऊन वळण घेताना विंचवाचे काय होत असेल, याचा विचार मी कधी केला नव्हता.

तो लवकरच करावा लागला. टॉर्कीपासून अ‍ॅलन्सफर्डपर्यंत 243 किलोमीटर जाणारा ग्रेट ओशन रोड पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सुमारे तीन हजार सैनिकांनी 1919 ते 1932 या काळात बहुतांशी कुदळी-फावड्यांनी बांधला, आणि जे सोबती परतले नाहीत त्यांचे स्मारक म्हणून तो ओळखला जातो. डोंगराची कड कुठेही सोडायची नाही असा पण केल्यासारखा हा रस्ता समुद्राला चिकटून वळत राहतो. लॉर्नच्या जवळपास अशाच एका वळणावर वरचे कपाट उघडले, कारण त्याची कडी लावण्याचे काम माझ्याकडे होते, आणि हळदीचा डबा थेट गादीवर उपडा झाला. पुढच्या सगळ्या रात्री आम्ही पिवळ्या गादीवर झोपलो. लग्नाला सत्तावीस वर्षे झाल्यावर तुम्हाला पुन्हा हळद लागली, असे ताईंनी त्यांच्या मुलाला फोनवर माझ्यासमोरच सांगितले.

सप्टेंबरचा शेवटचा आठवडा होता, म्हणजे तिकडचा वसंत. नवऱ्याने पुण्याहून निघतानाच पाहायच्या प्राण्यांची यादी केली होती आणि दुर्बीण गळ्यात अडकवली होती. तो प्रत्येक थांब्यावर उतरायचा, कठड्याशी उभा राहायचा, ठरवून दिलेल्या दिशेने ठरवून दिलेला वेळ पाहायचा, आणि परत येऊन यादीची घडी खिशात घालायचा. त्याची ती चिकाटी मला मनापासून आवडते. फक्त तिला यश आले नाही, एवढे नमूद करते. आम्हाला जे काही दिसले ते भांडी घासताना, टॉवेल वाळत घालताना किंवा टाकी रिकामी करताना दिसले.

पहिला कोआला टॉवेलामुळे सापडला. केनेट रिव्हर या चिमुकल्या गावात निलगिरीच्या झाडांवर कोआला हमखास असतात म्हणून आम्ही दुपारभर माना मोडेपर्यंत फिरलो होतो, आणि झाडाच्या प्रत्येक गाठीवर नवऱ्याने दुर्बीण रोखली होती. संध्याकाळी कॅराव्हान पार्कमध्ये परत येऊन मी दोन झाडांच्या मध्ये दोरी बांधत होते. गाठ मारताना सहज वर पाहिले, तर दोरी ज्या बुंध्याला बांधली होती त्याच्याच दुबेळक्यात एक राखाडी गाठोडे बसलेले होते. पाठ आमच्याकडे, मान छातीत, एक हात फांदीला आणि दुसरा नुसता लोंबता, दुपारच्या एसटीत खिडकीशी बसल्याबसल्या झोपलेल्या माणसासारखा. निलगिरीच्या पानांत सत्त्व कमी आणि विष बरेच, त्यामुळे ती पचवण्यातच सगळी शक्ती खर्च होते आणि कोआला दिवसाचे अठरा ते वीस तास झोपून काढतो. आमचे दोरी बांधणे, दबक्या आवाजातले ओरडणे, पन्नासेक फोटो, कशाचाही त्याच्यावर परिणाम झाला नाही.

रात्री मात्र त्याने कसर भरून काढली. दोनच्या सुमारास घोरण्याच्या आवाजाने मी जागी झाले आणि सवयीने नवऱ्याला कोपराने ढोसले. तो जागाच होता. वरून पोटमाळ्यातून ताई म्हणाल्या, "अगं, तो नाही. बाहेर आहे." एखाद्या रेड्याने श्वास आत ओढताना घोरावे आणि बाहेर सोडताना ढेकर द्यावी असा तो आवाज होता. विणीच्या हंगामात नर कोआला असे ओरडतो. एवढ्याशा प्राण्याचा आवाज एवढा खर्जातला कसा, तर त्याच्या घशात नेहमीच्या स्वरतंतूंखेरीज आणखी एक जाड जोडी असते. झाडावरचे ते गोंडस गाठोडे आणि अंधारातला तो हंबरडा एकाच प्राण्याचे आहेत, हे मला दुसऱ्या दिवशीही पटत नव्हते.

गाडीच्या करारात एक कलम होते, की गावाबाहेर सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी गाडी चालवल्यास विमा लागू होणार नाही. कांगारू आणि त्यांच्यासारख्याच पण लहान वॉलबी नेमके या वेळी चरायला बाहेर पडतात आणि हेडलाइटच्या उजेडात गोंधळून गाडीसमोर येतात. तिन्हीसांजेला घराबाहेर पडू नये, असे माझी आजी बजावत असे. तिने कारण म्हणून कधी कांगारू सांगितला नाही, पण नियम तोच होता, आणि विमा कंपनीने तो बारीक टायपात छापला होता. त्यामुळे साडेपाच वाजले की आम्ही असू तिथे मुक्कामाची जागा धरायचो, वीज जोडायचो, आणि सहाला दिवेलागणीच्या सुमारास मी वरणभाताचा कुकर लावलेला असायचा. घरी असताना सुद्धा आमचा संसार इतका वेळेवर चालत नाही.

तो नियम कशासाठी आहे हे केप ऑटवेच्या अलीकडे दिसले. रस्त्याच्या कडेला एक कांगारू मरून पडला होता. ताईंनी भावाला गाडी बाजूला घ्यायला लावली, चारी दिवे लुकलुकते ठेवले आणि भांडी घासायचे रबरी हातमोजे चढवून त्या खाली उतरल्या. मादी असेल तर पिशवी तपासायची असते, त्यांनी जाता जाता सांगितले, आई मेली तरी पिशवीतले पिल्लू जिवंत असू शकते. तसे असेल तर ते ओढून काढायचे नाही, प्राणी वाचवणाऱ्यांना फोन करायचा. मी त्यांच्या मागे गेले. ती मादीच होती. पण तिच्या अंगावर गुलाबी रंगाच्या फवाऱ्याने मोठी फुली मारलेली होती, म्हणजे आमच्या आधी कोणीतरी थांबून, वाकून, पिशवीत हात घालून पाहून गेले होते आणि मागून येणाऱ्यांना तसे कळवून गेले होते. ताईंनी हातमोजे उतरवले. पुढे बराच वेळ गाडीत कोणी बोलले नाही. केप ऑटवेच्या त्या भागात वाळलेल्या, पांढऱ्या पडलेल्या झाडांचे सांगाडेही उभे आहेत. तिथे कोआला इतके वाढले की त्यांनी आपल्या आवडीच्या मॅना गम या निलगिरीची झाडे पाने ओरबाडून मारून टाकली आणि मग स्वतः उपाशी मरू लागले. दुपारच्या एसटीतल्या प्रवाशासारखा दिसलेला प्राणी तोच.

ट्वेल्व्ह अपॉसल्सविषयी थोडक्यात सांगते, कारण त्यांचे फोटो सगळ्यांनी पाहिलेले आहेत. समुद्रात उभे असलेले ते चुनखडीचे सुळके बारा कधीच नव्हते, आणि जुलै 2005 मध्ये त्यांतला एक ढासळला. सुळके सुंदर आहेत. गर्दी आपल्या महाबळेश्वरच्या पॉइंटांइतकी आहे.

त्याच दिवशी पोर्ट कॅम्पबेलला आमची सांडपाण्याची टाकी भरली. या गाड्यांचे सांडपाणी कुठेही सोडून चालत नाही, त्यासाठी ठरावीक जागा असते; तिथे गाडी नेमकी उभी करायची, खालचे झाकण काढायचे, नळी जोडायची आणि वरणाचा वास येणारे ते पाणी जाईपर्यंत तोंड फिरवून उभे राहायचे. मी तोंड फिरवले ते झुडपाकडे. झुडपाखालची पालापाचोळ्याची ढिगारी हलत होती. तिच्यातून आधी एक काळे, पेन्सिलीसारखे नाक बाहेर आले आणि मागोमाग काट्यांचा एक चेंडू डुलत डुलत आला. एकिडना. दिसायला आपल्या साळिंदराचा धाकटा भाऊ वाटतो, पण नात्याने साळिंदराशी त्याचा काही संबंध नाही. हा अंडी घालतो आणि तरीही पिल्लाला दूध पाजतो. जगात असे करणारे फक्त एकिडना आणि प्लॅटिपस. तो माझ्या चपलेपासून दोन हातांवर येऊन जमीन हुंगत होता आणि मुंग्यांचा माग लागला की नाक आत खुपसत होता. मागच्या पावलांकडे लक्ष गेले आणि मी एक पाऊल मागे सरले, कारण त्यांच्या नख्या मागच्या बाजूला वळलेल्या होत्या. उलट्या पावलांचे आपल्याकडे कोण असते हे कोणत्याही मराठी माणसाला सांगायला नको. माझ्या हालचालीने तो दचकला, आणि पळण्याऐवजी जागच्या जागी, चारी पायांनी माती उकरत, सरळ खाली खाली जाऊ लागला. मिनिटभरात जमिनीवर काट्यांचा एक गोल तेवढा उरला. नवरा दुर्बीण घेऊन धावत आला तेव्हा त्याला तो घायपातीचा कोंब वाटला.

वॉर्नमबूलला मात्र आमची सपशेल निराशा झाली. लोगन्स बीचवर साधारण जून ते सप्टेंबर सदर्न राइट व्हेलच्या माद्या पिल्लांना जन्म द्यायला किनाऱ्याच्या अगदी जवळ येतात, आणि त्यांच्यासाठी वाळूच्या टेकडीवर लाकडी सज्जा बांधला आहे. हे व्हेल संथ पोहतात आणि मेल्यावर तरंगतात, म्हणून मारायला 'योग्य', राइट, हे शिकाऱ्यांनी दिलेले नाव त्यांना चिकटले आणि ते जवळजवळ संपलेच होते. आम्ही दोन तास समुद्र पाहिला. चहा केला, भांडी मुद्दाम सावकाश घासली, तरी काही नाही. शेजारच्या बाकावरच्या आजोबांनी सांगितले की शेवटची मायलेकरे गेल्या आठवड्यातच दक्षिणेला निघून गेली. मग ताईंनी आमची समजूत म्हणून जवळच्या मिडल आयलंडची हकीकत सांगितली. ओहोटीला कोल्हे पाण्यातून चालत त्या बेटावर जाऊन छोट्या पेंग्विनांचा फडशा पाडत, आणि 2005 मध्ये तिथे दहासुद्धा पेंग्विन उरले नव्हते. तेव्हा एका कोंबडीपालकाच्या सुचवणीवरून 2006 मध्ये बेटावर मरेम्मा जातीचे पांढरे धनगरी कुत्रे राखणीला ठेवले, आणि पेंग्विन पुन्हा वाढू लागले. कोकणातल्या राखणदाराला फक्त नारळ लागतो. इथल्या राखणदाराला पेंग्विन खायचे नाहीत, हे आधी शिकवावे लागले.

टॉवर हिल हे मला सगळ्यांत आवडलेले ठिकाण. निद्रिस्त ज्वालामुखीचे ते विवर 1892 मध्ये व्हिक्टोरिया राज्यातले पहिले राष्ट्रीय उद्यान झाले खरे, पण चराई आणि खाणकामाने ते बोडके झाले होते. 1960 च्या दशकात तिथे पुन्हा झाडे लावायची ठरली, तेव्हा मुळात कोणती झाडे होती हे कळण्यासाठी लोकांनी ऑयगन फॉन गेरार्ड या चित्रकाराचे 1855 मधले चित्र समोर ठेवले. त्याने पाने-झाडे इतकी बारकाईने काढली होती की त्यावरून प्रजाती ओळखता आल्या. आज त्या झाडांखाली एमू फिरतात. मी पोळ्या लाटत असताना एक एमू दारातून मान आत घालून ओट्याची पाहणी करू लागला, आणि त्याच्या पायांत पट्ट्यापट्ट्यांची सात पिल्ले होती. प्राण्यांना खायला घालायला बंदी आहे, म्हणून मी पोळी पाठीमागे लपवली, याची मला अजून थोडी लाज वाटते. आपल्याकडे काही वर्षांपूर्वी एमूपालनाचे पेव फुटले होते आणि आमच्या नात्यातल्या एका शेतकऱ्याचे त्यात पैसे बुडाले, त्यामुळे हा पक्षी मला जाळीआड आणि हिशेबाच्या वहीतच ठाऊक होता. पिल्लांसोबत असतो तो बाप. अंड्यांवर तोच जवळजवळ आठ आठवडे, बहुतेक उपाशी, बसतो आणि पुढे पिल्लेही तोच सांभाळतो. ही माहिती ताईंनी भावाकडे पाहत दोनदा सांगितली.

शेवटचा मुक्काम पोर्ट फेअरीला होता. गावाला लागूनच ग्रिफिथ्स आयलंड आहे आणि तिथे शिअरवॉटर पक्ष्यांची बिळे आहेत. हे काळपट पक्षी उत्तरेला पार बेरिंग समुद्रापर्यंत जातात, एका खेपेला सुमारे पंधरा हजार किलोमीटर, आणि दरवर्षी 22 सप्टेंबरच्या आगेमागे परततात, बहुधा जुन्याच जोडीदाराकडे आणि जुन्याच बिळात. बिऱ्हाड मोडून जाणे आणि बिऱ्हाड कुलूपबंद ठेवून जाणे यांत फरक असतो, असे नवरा त्यावर म्हणाला. त्याला ते पाहायचेच होते. यादीत एवढेच उरले होते.

जेवणे झाली होती. मी उठून भांडी मोरीत ठेवली आणि सवयीने नळाचा पंप दाबला, तेव्हा तो म्हणाला, "आज राहू दे." आम्ही तिघे बांधावरून बेटावर चालत गेलो. वाटेत एक वॉलबी गवतातून आमच्याकडे पाहत राहिली. दीपगृहाच्या अलीकडे सगळे टॉर्च विझवून उभे राहिलो. आधी नुसता वारा होता. पुरता अंधार पडल्यावर डोक्यावरून काहीतरी सपकन गेले, मग आणखी एक, आणि मग आकाशभर ते चक्राकार फिरू लागले. हवेत इतके सफाईदार असलेले ते पक्षी जमिनीवर उतरताना मात्र गोणी टाकल्यासारखे आदळत होते, धडपडत उठत होते आणि गवतात शिरून आपापल्या बिळात नाहीसे होत होते. एक आमच्यापासून पाच-सहा पावलांवर धप्पकन पडला. नवऱ्याने दुर्बिणीला हात लावला नाही. ताई म्हणाल्या, "दमला असेल रे." बिळातून कोणीतरी कण्हल्यासारखे उत्तर दिले.

परत आलो तेव्हा साडेनऊ झाले होते. भांडी आम्ही सकाळी घासली.