फोन घेऊन जंगलात पक्षी ऐकायला गेलो होतो, त्याचा वृत्तांत आणि जाणाऱ्यांसाठी थोडंफार

मार्चमध्ये मी, माझी बहीण आणि तिचा एक मित्र (हा बरीच वर्षं पक्षी बघतोय) असे तिघं तीन दिवस जंगलात राहून आलो. दुर्बिणी होत्याच, पण या वेळी ठरवूनच गेलो होतो की जास्त वेळ ऐकण्यात घालवायचा आणि फोनवरची ॲप नीट वापरून बघायची. दाट झाडीत पक्षी आधी ऐकू येतो आणि कित्येक वेळा शेवटपर्यंत नुसता ऐकूच येतो, तेव्हा आवाज ओळखता येत नसेल तर निम्मं जंगल आपल्यासाठी मुकंच राहतं.

दोन ॲप होती. मर्लिन हे अमेरिकेतल्या कॉर्नेल लॅब ऑफ ऑर्निथॉलॉजीचं (पक्ष्यांचा अभ्यास करणारी संस्था), त्यात आवाजावरून ओळखायची सोय २०२१ पासून आहे. दुसरं बर्डनेट, तेही कॉर्नेल आणि जर्मनीतल्या केमनिट्झच्या युनिव्हर्सिटीने मिळून केलेलं. दोन्ही फुकट. मर्लिन सुरू ठेवलं की ऐकत राहतं, नावं एकाखाली एक येत जातात आणि तो पक्षी परत बोलला की त्याचं नाव पिवळं होतं. बर्डनेटमध्ये रेकॉर्डिंगमधला हवा तो तुकडा आपण बोटाने निवडून द्यायचा, मग ते नाव सांगतं आणि खात्री किती तेही सांगतं. एकच आवाज डोक्यात अडकून बसला असेल तर मला हे जास्त आवडतं, पण आमच्या फोनवर त्याला नेट लागत होतं आणि आत रेंज शून्य, मग रेकॉर्डिंग ठेवून द्यायचं आणि संध्याकाळी रेंजमध्ये आल्यावर तपासायचं. मर्लिन ऑफलाइन चालतं, फक्त त्या भागाचा बर्ड पॅक (म्हणजे तिथल्या पक्ष्यांची माहिती) निघायच्या आधी डाउनलोड करा. हे एक केलं नाही तर तिथे जाऊन काहीच करता येत नाही.

पहिली सकाळ निम्मी वाया गेली. अर्धा तास रेकॉर्डिंग चालू आणि एकही नाव येईना, दयाळ समोर फांदीवर बसून जीव तोडून गातोय तरी नाही! शेवटी कळलं की बहिणीच्या मित्राचे ब्लूटूथ इअरबड बॅगेत चालूच होते आणि फोन त्यांच्या माईकवरून रेकॉर्ड करत होता. ब्लूटूथ बंद केलं आणि पाच मिनिटांत दयाळ, शिंपी, बुलबुल, तांबट सगळे आले. फोनचा माईक बहुतेक खालच्या कडेला असतो, ती बाजू पक्ष्याकडे करायची, बोटं त्यावर येऊ द्यायची नाहीत आणि रेकॉर्डिंग चालू असताना चालायचं नाही, पाचोळा इतका वाजतो की बाकी काही उरत नाही. वारा असेल तर खोडाच्या आडोशाला उभं राहायचं.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते. ॲप आवाजाचं चित्र करतं, स्पेक्ट्रोग्राम. आडवा वेळ, उभी आवाजाची पट्टी, वर म्हणजे बारीक, खाली म्हणजे जाड, आणि मोठा आवाज तितका गडद. ॲप हेच चित्र त्याला शिकवलेल्या हजारो रेकॉर्डिंगमधल्या नमुन्यांशी ताडून बघतं. बहुतेक लोक नाव वाचतात आणि पुढे जातात, पण ते चित्र बघा हो! तांबट म्हणजे खालच्या बाजूला सारख्या अंतरावर ठिपके ठिपके ठिपके. पावशा म्हणजे जिना, प्रत्येक हाक आधीच्यापेक्षा वर चढते आणि एकदम तुटते. रातकिडे म्हणजे मध्येच एक न हलणारा जाड पट्टा, तो दिसला की समजायचं त्या पट्टीतले पक्षी आता ॲपला ऐकू येणार नाहीत, जागा बदला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मला कुटुर्गा पक्षी फोन न बघताच कळायला लागला होता, कारण कानावर आवाज पडला की डोळ्यांसमोर त्याचं चित्र यायचं.

त्याच दिवशी ॲपने शिक्रा (छोटा शिकारी पक्षी) दाखवला, दोनदा. आम्ही खूश, आभाळात आणि उंच फांद्यांवर शोधाशोध. आमच्याबरोबर जे गाईड काका होते ते शांतपणे म्हणाले, "ताई, वर नको, समोर बघा. एवढे चष्मेवाले पक्षी निवांत खातायत, शिक्रा असता तर थांबले असते का?" समोर भृंगराज, शेपटीच्या दोन लांब तारा हलवत, शिक्र्याची नक्कल करत बसलेला. कोतवाल, भृंगराज, हरेवा हे सगळे पक्के नकलाकार आहेत आणि नकलेला ॲप फसतं. म्हणून माझा नियम असा, ॲपने नाव दिलं की ती बघायची दिशा समजायची, यादीत लिहायचं ते पक्षी दिसल्यावर किंवा आवाजाची स्वतःला खात्री झाल्यावरच. ईबर्डवर (पक्ष्यांच्या नोंदी करायची वेबसाइट) नोंद करणार असाल तर हे फार महत्त्वाचं, कारण ती माहिती पुढे अभ्यासासाठी वापरली जाते.

आणि कृपा करून ॲपमधले नमुना आवाज जंगलात मोठ्याने वाजवू नका. हा विणीचा काळ असतो, नराला वाटतं आपल्या हद्दीत दुसरा घुसला, तो गाणं आणि घरटं सोडून भांडायला येतो. आम्हाला एक ग्रुप भेटला जो हेच करत होता, बहिणीने जाऊन समजावलं आणि त्यांनी ऐकलंही. नमुना ऐकायचाच तर खोलीवर, हेडफोन लावून.

बॅटरीचं म्हणाल तर एअरप्लेन मोडवर फोन दिवसभर पुरला, लोकेशन मात्र चालू ठेवा कारण ठिकाण आणि महिना कळला की ॲप तिथे नसणारे पक्षी सुचवत नाही. पॉवर बँक घ्याच. पहाटे उजाडायच्या आधी अर्धा तास बाहेर पडा, सगळ्यात जास्त आवाज तेव्हाच असतात, आणि रेकॉर्डिंग थांबवल्यावर लगेच त्याला नाव द्या, जागा, वेळ, झाड कुठलं, नाहीतर रात्री चाळीस फाइलींमधून काही सापडत नाही.

शेवटच्या रात्री अंगणात बसलो होतो, रातवा पक्ष्याची टकटक चालू होती आणि मध्येच लांबून एक हुंकार, तीन वेळा, थांबून थांबून. दोन्ही ॲपना काही सांगता आलं नाही, काकाही नक्की सांगेनात. अकरा सेकंदांचं रेकॉर्डिंग आहे, मी ते जपून ठेवलंय आणि पुढच्या मार्चमध्ये त्याच अंगणात त्याच वेळी परत बसणार आहे.