सागाचा पाला, जाळरेषा आणि पळस : फाल्गुनातल्या धावा

यंदाच्या वसंतात एक गोष्ट पक्की कळली. जंगलात धावताना आपल्याला काय दिसणार, हे पायाखाली काय आहे यावर ठरतं. इतकी वर्षं मी वेग, चढ आणि नाडी यांचीच नोंद ठेवत होते. आता वहीत ‘पायाखाली’ असा वेगळा रकाना आहे.

फेब्रुवारीअखेर सुरुवात केली ती नेहमीप्रमाणे लळिंगच्या कुरणात. धुळ्याहून मुंबई-आग्रा महामार्गानं थोडं पुढे गेलं की डावी-उजवी सोडून सरळ किल्ल्याचा डोंगरच समोर येतो. कुरणात या दिवसांत गवत वाळून पिवळं पडलेलं असतं आणि कुसळं तयार असतात. नव्यानं येणाऱ्यांनी एवढं ऐकाच: विणीचे लोकरी मोजे घालू नका. गुळगुळीत कापडाचे उंच मोजे किंवा पायाला घट्ट बसणारी पँट घाला, नाहीतर अर्धी सकाळ कुसळं उपटण्यात जाईल. इथे मोर भरपूर आहेत, इथल्या लांडोर बंगल्याला नाव मिळालं ते उगीच नाही. तित्तरांची तर सकाळी नुसती झुंबड. किल्ल्याचा चढ आता न थांबता होतो. नाडी दीडशेच्या वर जाऊ लागली की चालायला लागायचं, हा नियम पाळल्याचं फळ आहे ते. उतारावर मात्र अजून काम बाकी आहे.

मार्चमध्ये पाटणादेवीला गेलो, तिघं जण. चाळीसगावच्या नैऋत्येला हे गौताळा-औट्रमघाट अभयारण्य आहे, म्हणून वन विभागाकडे वेळा विचारून घेतल्या आणि मळलेली वाट सोडली नाही. इथे सागाचा पाला पुरता गळलेला होता. वाळलेलं सागपान पायाखाली आलं की पापड मोडल्यासारखा आवाज होतो आणि तो दरीभर जातो. वानरांनी पहिल्या वळणालाच खोकून सगळ्या जंगलाला वर्दी दिली, मग पुढचे तीन किलोमीटर एक खारही दिसली नाही. शिवाय त्या पाल्याखाली दगड लपलेले. तिथे पावलं आखूड टाकायची, टाच न आपटता पूर्ण तळवा ठेवायचा आणि नजर चार पावलं पुढे ठेवायची, याला पर्याय नाही.

मंदिराच्या अलीकडे पळस फुलला होता. त्याच्याखाली मुद्दाम थांबलो. फूल हातात घेऊन बघा: देठाकडचा पेला काळपट तपकिरी आणि मखमली, त्यातून पोपटाच्या चोचीसारखी वाकलेली केशरी पाकळी बाहेर येते. पाकळ्यांवर बारीक चंदेरी लव असते, उन्हात तिरपं धरलं तरच दिसते. मधासाठी मैना, सूर्यपक्षी, कोतवाल सगळे एकाच फांदीवर भांडत होते. पक्ष्यांच्या डोक्यांना परागकण लागतात आणि झाडाचं काम होतं. आपल्याकडे एप्रिलपर्यंत बाकी बरीच झाडं उपाशी ठेवतात तेव्हा पाखरांना याचा मोठा आधार, म्हणून होळीच्या रंगासाठी फुलं तोडायची झाली तरी खाली पडलेली वेचावीत असं मला मनापासून वाटतं.

यंदाची सगळ्यात समृद्ध धाव पालच्या बाजूची. रावेर तालुक्यातल्या सातपुड्यात यावल अभयारण्याच्या कुशीत हे गाव आहे. गणेर फुललेली होती, पान नाही आणि फांद्यांच्या टोकांवर पिवळीधमक फुलं. कांडोळाची पांढरी खोडं उतारावर लांबूनच ओळखू येतात. गावाजवळ वनरक्षकांनी दाखवलेल्या जाळरेषेवर धावलो. वणवा पसरू नये म्हणून उन्हाळ्याआधी गवत-पाला जाळून मोकळा ठेवलेला हा पट्टा. पाय पडला तरी आवाज नाही, राखेचा पातळ थर आणि खाली मऊ माती. तिथेच पहिल्यांदा भेकर समोरून गेलं, अगदी निवांत. पुढे राखेत ठसे होते: चार बोटं, नखांच्या खुणा स्पष्ट, पुढचा पंजा मागच्यापेक्षा मोठा. तरस. बिबट्या चालताना नखं आत घेतो, त्यामुळे त्याच्या ठशात ती उमटत नाहीत. हा फरक लक्षात ठेवला की घाबरण्यापेक्षा बघण्यात जास्त वेळ जातो.

मोहाखाली मात्र शिस्त लागते. मोहफुलं रात्री आणि पहाटे गळतात, आणि ती अस्वलांना फार आवडतात. सूर्य उगवायच्या आधी आम्ही निघालो होतो, तर टोपली घेऊन निघालेल्या एका आजीनं हटकलं, “ताई, उजेड पडू दे, मंग पय.” आम्ही तिच्याजवळच बसून राहिलो. फुलं वेचणं सोपं व्हावं म्हणून मोहाखालचा पाला जाळायची रीत आहे आणि तीच कधी कधी वणवा होते. आजी पाला झाडून एका बाजूला करत होती, जाळत नव्हती.

रानपिंगळा (छोटं, दुर्मिळ घुबड) अजून दिसलेला नाही, पण डोळे त्याच्याच शोधात असतात. 1884 नंतर तो हरवलाच असं मानलं जात होतं, मग नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळ सापडला. आपल्या खान्देशातला हा मान आहे. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर ठळक ठिपके असतात, रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ बिनठिपक्यांचं असतं आणि तो भरदिवसा उघड्या फांदीवर बसतो. म्हणून पानगळीचे हे आठवडे सोडवत नाहीत.

आता ऊन चढलंय. साडेआठपर्यंत सावलीत परत, पाणी दीड लिटर आणि थोडं मीठ-साखर, अंतर निम्मं. अंजनाला तांबूस पालवी फुटायला लागली आहे. त्याची पानं बारीक, म्हणून खालचा थर फारसा कुरकुरत नाही. पुढचे दोन रविवार त्याच उतारांवर. कुणाला यायचं असेल तर लळिंगच्या चढाची तयारी करून या, कुसळं आता कमी झाली आहेत.