पासपोर्टवर निळे, घरात काळेभोर

जर्मन पासपोर्टवर डोळ्यांचा रंग लिहावा लागतो. थोरल्याच्या पासपोर्टासाठी आम्ही हॅम्बुर्गच्या कचेरीत गेलो तेव्हा तो जेमतेम अडीच महिन्यांचा. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं तसा नवरा ऐटीत म्हणाला, "ब्लाऊ." मीही वाकून पाहिलं. होते खरंच निळसर, आषाढातल्या आभाळासारखे. झाली नोंद. दहाव्या महिन्यात तेच डोळे काळेभोर, अगदी माझ्या बाबांसारखे. पासपोर्टात मात्र पुढची कित्येक वर्षं निळेच!

खरं तर निळ्या डोळ्यात निळं असं काही द्रव्य नसतंच. बुबुळात मेलॅनिन हे गडद रंगद्रव्य कमी असलं की आत शिरलेला उजेड विखुरतो आणि डोळा निळा दिसतो. आभाळाचंही साधारण असंच. बाळ जन्मतं तेव्हा मेलॅनिन पुरतं साठलेलं नसतं, ते नंतर महिनोन्‌महिने साठत जातं. हे आधी माहीत असतं तर मी नवऱ्याला कोपर मारलं असतं.

धाकटीच्या वेळी आम्ही शहाणे झालो. वर्षभर कुठे जायचंच नाही असं ठरवलं. तिचे डोळे हिरवट-करड्यावर येऊन थांबले. जर्मन आजीने, म्हणजे ओमाने, निकाल दिला, बापावर गेली. इकडे गुहागरहून आई व्हिडिओ कॉलवर ओरडली, "अगं, ही तर माझी आईच!"

माझी आजी घारी होती. आळीत तिला घारी काकूच म्हणायचे. पण तिच्या लग्नानंतरच्या फोटोत डोळे चक्क काळे. मागच्या मे महिन्यात आईने फोटो फ्रेममधून काढला आणि खिडकीशी तिरपा धरला, तेव्हा दिसलं, दोन्ही बुबुळांवर पेन्सिलीच्या बारीक रेघा. फोटोत डोळे पांढरट आले असणार, म्हणून स्टुडिओवाल्याने रंगवून टाकले! (इथे मामाने कोकणात जहाज फुटून किनाऱ्याला लागलेल्या गोऱ्या लोकांची गोष्ट सुरू केली. ती आम्ही कुणी पुरी होऊ देत नाही.)

मग मी वाचायला बसले. शाळेत शिकवलेलं 'तपकिरी प्रभावी, निळा अप्रभावी' इतकं सरळ नाही, डोळ्यांच्या रंगात बऱ्याच जनुकांचा हात असतो. पण मोठा वाटा पंधराव्या गुणसूत्रावरच्या शेजारी-शेजारी असलेल्या दोघांचा, ओसीए-२ आणि एचईआरसी-२. दुसऱ्यातला एक छोटा बदल पहिल्याचं काम मंदावतो, मेलॅनिन कमी बनतं. डोळे फिके व्हायला बहुतेक वेळा हा बदल आई आणि बाप दोघांकडूनही यावा लागतो. म्हणजे धाकटीच्या डोळ्यांचं अर्धं श्रेय हॅम्बुर्गचं आणि अर्धं बहुधा गुहागरचं. आजीकडून आईत, आईतून माझ्यात, दोन काळ्या डोळ्यांच्या बायकांमध्ये तो गुपचूप बसून होता. ओमाला हे सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि मला केक वाढला.

केसांची तऱ्हा आणखी वेगळी. धाकटीचं जावळ सोनेरी. आई म्हणाली, "वर्षाच्या आत काढून टाका, दाट येतील." ओमाच्या तोंडचं पाणी पळालं, असे केस कुणी कापतं का! आमच्याकडे जावळ मुलांचंही काढतात, मुलींचंही, पण या घरात मी नमतं घेतलं. ओमाने बिस्किटाच्या डब्यातून माझ्या नवऱ्याची दोन वर्षांचा असतानाची बट काढून दाखवली, जवळजवळ पांढरी. आज त्याचे केस तपकिरी आहेत. वाढत्या वयात केसांतलं मेलॅनिन वाढतं, म्हणून युरोपात अशी कितीतरी सोनेरी मुलं पुढे तपकिरी होतात. धाकटी आता पाच वर्षांची आहे, केस मधासारखे झालेत आणि मानेजवळ चांगलेच काळसर. न कापताच आईचं अर्धं काम झालं.

परवा थोरला रुसला. "मला का नाही पणजीचे डोळे?" मी म्हटलं, माझ्याकडून छापा की काटा, तुझ्या वेळी काटा पडला. पण बाबाचे डोळे निळे, त्यामुळे त्याच्याकडचा एक बदल तुझ्यातही आहेच, दिसत नाही इतकंच.

ही चूक झाली. तो टॉर्च घेऊन आरशासमोर बसला आणि जेवायची वेळ झाली तरी उठेना.