सामूहिक वनहक्काचा दावा: टोल्यापासून जिल्हा समितीपर्यंत

गडचिरोली जिल्ह्यात ग्रामसभांसोबत 2006 च्या वनहक्क कायद्याखालचे सामूहिक वनहक्काचे दावे, म्हणजे जंगलावर साऱ्या गावाचा मिळून हक्क मागणारे दावे, तयार करताना एक गोष्ट पक्की ध्यानात आली. दावा मंजूर होणार की अडणार, याचा अर्धा निकाल गावातल्या कागदांवरच लागलेला असतो. म्हणून इथे कचेरीपेक्षा गावातल्या कामाबद्दल जास्त लिहितो आहे.

आधी ग्रामसभा कोणाची ते ठरवा. चार-पाच गावांच्या गट ग्रामपंचायतीची ग्रामसभा या कामाला चालत नाही. अनुसूचित क्षेत्रात पाडा किंवा टोला आपली स्वतंत्र ग्रामसभा भरवू शकतो आणि दावा तिच्याच नावाने जातो. गणपूर्तीसाठीही हे सोयीचं पडतं. वनहक्क नियमांच्या 2012 च्या दुरुस्तीनुसार एकूण प्रौढ सभासदांपैकी किमान निम्मे हजर लागतात आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश स्त्रिया. सह्या-अंगठे सभा सुरू होतानाच घ्यावेत, स्त्रियांची संख्या वेगळी लिहावी आणि ठराव मोठ्याने वाचून दाखवावा. नंतर घरोघरी फिरून गोळा केलेल्या सह्या तपासणीत उघड्या पडतात.

याच सभेत, दावे घेऊन तपासणारी गावाची वनहक्क समिती निवडायची. सभासद 10 ते 15, त्यांत किमान दोन तृतीयांश अनुसूचित जमातीचे आणि किमान एक तृतीयांश स्त्रिया. स्त्रियांची नावं केवळ आकडा भरण्यासाठी घालू नका. मोह कुठे वेचतात, कंद कुठे खणतात, उन्हाळ्यात पाणी कुठल्या झऱ्याला टिकतं, हे त्यांना नेमकं ठाऊक असतं आणि दाव्याला हीच माहिती लागते.

सगळ्यात महागात पडणारी चूक नमुन्याची, म्हणजे दाव्याच्या अर्जाच्या प्रकाराची. नमुना 'अ' वैयक्तिक दाव्याचा. 'ब' म्हणजे निस्तार (सरपण-लाकूड असा घरगुती वापर), चराई, मासेमारी, गौण वनोपज असे वापराचे हक्क. जंगलाचं रक्षण, संवर्धन आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क मागायचा तो 'क' मध्ये. अनेक गावांनी फक्त 'ब' भरला आणि सरपण-चराईवर समाधान मानलं. दोन्ही भरा. चार हेक्टरांची मर्यादा वैयक्तिक दाव्याला आहे, सामूहिक वनाला नाही. जंगल राखीव आहे, अभयारण्यात आहे, म्हणून दावा करता येत नाही असं कोणी सांगितलं तर कायद्यातली व्याख्या दाखवा. तिच्यात दोन्ही येतात. नमुना 'क' ला ग्रामसभेच्या सभासदांची यादी जोडतात. गावात इतर समाजाचे लोक असले तरी दावा अडत नाही.

मग शिवेची फेरी. ग्रामसभेचे दावे तपासून जिल्हा समितीकडे पाठवणाऱ्या उपविभागीय समितीने वन आणि महसूल नकाशे पुरवावेत असं नियमातच आहे, तेव्हा ते लेखी मागा आणि अर्जाची पोच घ्या. फेरीसाठी जानेवारी-फेब्रुवारी बरे. गवत वाळलेलं असतं, मोह सुरू व्हायचा असतो. एकदा मोह आणि मागोमाग तेंदूचा हंगाम लागला की गावात माणूस सापडत नाही. जाणती माणसं पुढे, जीपीएसवाला मागे. प्रत्येक वळणावर बिंदू घ्यावा आणि वहीत त्याचा क्रमांक, जागेचं गावातलं नाव (गोंडी असेल तर गोंडीच), खूण आणि वन विभागाचा कक्ष क्रमांक (जंगलाच्या त्या तुकड्याचा क्रमांक) लिहावा. वळणं गाळून लांबलांब बिंदू घेतले की नकाशावर रेषा सरळ होते आणि नाल्यापलीकडचा पट्टा आपोआप बाहेर पडतो.

शेजारच्या गावांना फेरीच्या दिवशी बोलवाच. शीव जुळत नसेल तर दोन्ही वनहक्क समित्यांनी एकत्र बसून निष्कर्ष लेखी द्यायचा असतो. चराई दोघांची असेल तर सामाईक म्हणून नोंदवा, उगाच रेषेवरून भांडण नको. गावागावांत मिटलं नाही तर प्रकरण उपविभागीय समितीकडे जातं आणि तिथे फार रेंगाळतं.

पुरावे किमान दोन. निस्तार पत्रक (गावाच्या निस्तार हक्कांची सरकारी नोंद) सापडलं तर उत्तम. नाही सापडलं तरी जाणत्यांचा लेखी जबाब चालतो, मात्र दावेदार स्वतःसाठी जबाब देऊ शकत नाही. देवस्थानं, स्मशानभूमी, जुन्या वस्तीचे अवशेष, बोड्या (लहान तळी), वैदूंची औषधी गोळा करायची ठिकाणं, सगळं नकाशावर दाखवा. देवाची जागा कागदावर कशाला, असं काही जाणते म्हणतात. त्यांना मी नियमगिरीचं सांगतो. ओडिशातल्या डोंगरिया कोंध आदिवासींच्या त्या डोंगरावरच्या बॉक्साइट खाणीबाबत सर्वोच्च न्यायालयाने 18 एप्रिल 2013 रोजी ग्रामसभांना विचारायला लावलं, त्यात धार्मिक-सांस्कृतिक हक्कही होते. 12 ग्रामसभांनी, एकूण एक, खाण नाकारली. मूलनिवासींची मुक्त, पूर्व आणि माहितीपूर्ण संमती हवी, असं संयुक्त राष्ट्रांचा 2007 चा जाहीरनामा म्हणतो आणि भारताने त्याच्या बाजूने मत दिलं आहे. पण गावाच्या हाती ती संमती येते ग्रामसभेच्या ठरावातून. म्हणून ठरावाची भाषा ढिली ठेवू नये.

स्थळ पडताळणीची नोटीस वन आणि महसूल, दोन्ही विभागांना द्या. अधिकाऱ्यांनी हजर राहून सही, पदनाम, तारीख आणि शेरा द्यायचा असतो. आले नाहीत तर तसं पंचनाम्यात लिहा. पुढे ‘आम्ही हजर नव्हतो’ अशी हरकत निघाली तर दावा फेरपडताळणीला ग्रामसभेकडे येतो. तेव्हाही ते आले नाहीत तर ग्रामसभेचा निर्णय अंतिम. नियम 12अ तला हा मजकूर छापून सोबत ठेवा.

दाव्याचा संच उपविभागीय समितीला देताना प्रत्येक पानावर क्रमांक टाका, पोचेवर शिक्क्यासह एकूण पानं लिहून घ्या आणि पूर्ण झेरॉक्स गावात ठेवा. ‘कागद अपुरे’ एवढं तोंडी उत्तर मान्य करू नका. ठराविक कागदाचाच आग्रह समितीला धरता येत नाही. उपग्रह चित्र इतर पुराव्याला पूरक ठरतं, त्याची जागा घेत नाही. कारणं लेखी मिळायला हवीत. उपविभागीय समितीच्या निर्णयाविरुद्ध जिल्हा समितीकडे जायला 60 दिवस असतात.

हक्कपत्र हाती आलं की ते तिथेच वाचा. क्षेत्र, कक्ष क्रमांक, चतुःसीमा दाव्याशी जुळवा. हक्कपत्र ग्रामसभेच्या नावाने हवं, वन विभागाच्या योजनेतल्या संयुक्त वन व्यवस्थापन समितीच्या नव्हे. ‘कार्य आयोजनेच्या (वन विभागाच्या जंगल व्यवस्थापन आराखड्याच्या) अधीन’ अशी अट घातलेली दिसली तर लगेच लेखी हरकत द्या. त्यानंतर तीन महिन्यांत अंतिम नकाशा आणि अभिलेखातली नोंद व्हायला हवी, तिचा पाठपुरावा गावालाच करावा लागतो.

धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला अठराशे हेक्टरांहून अधिक जंगलाचा हक्क 2009 मध्येच मिळाला होता, तरी बांबूचा वाहतूक परवाना स्वतः देण्याचा अधिकार हाती यायला एप्रिल 2011 उजाडला. आता नियमच सांगतो की परवाना ग्रामसभेने जंगल राखायला नेमलेली नियम 4 खालची समिती किंवा ग्रामसभेने नेमलेली व्यक्ती देते. ती समिती हक्कपत्राची वाट न पाहता नेमून ठेवा आणि परवाना पुस्तक पहिल्या विक्रीआधी छापून घ्या.